वहीतली जोडी

त्या वीटभट्टीवर माणसे मोजण्याची रीत निराळी होती. तेथे पुरुष मोजत नसत, स्त्रिया मोजत नसत, जोड्या मोजत. "यंदा चाळीस जोड्या आहेत," असे मुकादम म्हणे आणि ऐकणाऱ्यास ऐंशी माणसे दिसत. नवऱ्याने माती मळून गारा तयार करायचा, बायकोने तो साच्यात भरून वीट थापायची. वहीत मात्र जोडीला एकच ओळ असे आणि त्या ओळीच्या आरंभी एकच नाव, नवऱ्याचे. ही रीत कोणी घातली हे कोणास ठाऊक नव्हते आणि ते विचारण्याचे कोणाच्या मनातही आले नव्हते.

त्या चाळिसांतली एक जोडी पैलवानाची. हा पैलवान अंगाने काटकुळा, वाऱ्याने कलेल असा. म्हणूनच त्याला ते नाव पडले होते. आणि तो पैलवान म्हणून त्याची बायको पैलवानीण. अकरा वर्षांत तिला स्वतःचे असे संबोधन भट्टीवर कधी लागलेच नाही.

परंतु तिचे काम पाहावे आणि दोन क्षण स्तब्ध व्हावे, असे होते. पहाटे दव उतरायच्या आत ती उकिडवी बसे. साचा कोरड्या वाळूत घोळवी, गाऱ्याचा गोळा दोन्ही हातांनी उचलून एकाच आघातात साच्यात आपटी, चारी कोपऱ्यांत अंगठा फिरवी, वरचे जास्तीचे तळहाताने निपटून काढी, आणि साचा उलटा करून असा अलगद उचली की झोपलेल्या तान्ह्यावरचे पांघरूण काढावे. एक वीट झाली की वीतभर मागे सरकायचे. असे दिवसभर ती मागे मागे जाई आणि तिच्यापुढे विटांची रांग वाढत जाई. संध्याकाळी उठताना गुडघे सरळ होण्यास वेळ लागे. तेवढा वेळ ती कमरेवर हात ठेवून रांगेकडे पाहत राही. तेवढीच तिची विश्रांती आणि तेवढाच तिचा अभिमान.

त्या हंगामात मालकाने माती मळण्याचे यंत्र आणले. इंजिनाच्या पट्ट्यावर लोखंडी पिंपात पाती फिरत, वरून माती व पाणी टाकायचे, खालून तयार गारा यायचा. पिंपाला झाकण होते. पण मातीत खडे फार, खडा अडकला की यंत्र थांबवून झाकण उचलण्यात वेळ जाई. तेव्हा मुकादमाने चौथ्याच दिवशी झाकण काढवून झाडाखाली ठेवले. त्यावर मुकादमाची माणसे पत्ते खेळत.

एके दिवशी पूर्वाह्नी पैलवानिणीने साचा उलटा केला, आणि उचलण्यापूर्वी तिच्या कानांना जाणवले की यंत्राचा आवाज बदलला आहे. तिने मान वर केली. नवरा पिंपावर ओणवा होता आणि त्याचा उजवा खांदा आत ओढला जात होता. तो ओरडत नव्हता. ओरडत होता तो मुकादम.

"पट्टा काढा! अरे, पट्टा काढा, पाती मोडतील!"

पट्टा निघाला. पाती मोडली नाहीत.

दवाखान्यात कोपराखालचा हात काढावा लागला. अठराव्या दिवशी पैलवान घरी आला तो खाली मान घालून. घर म्हणजे भट्टीच्या कडेची एक खोली: पत्र्याचे छप्पर, एक खाट, एक चूल, आणि दाराशी म्हातारी आई. पहिल्या सकाळी विजारीची नाडी बांधता येईना. डाव्या हाताने त्याने एक टोक दातांत धरून पाहिले, मग भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बायकोने नाडी बांधली. दहा वर्षांची मुलगी दप्तर भरण्याचे निमित्त करून बाहेर गेली.

"बोटांना खाज सुटली आहे गं," तो म्हणाला.

"कुठल्या?"

"नाहीत त्या."

तिने तो उरलेला कोपर दोन्ही हातांत धरला आणि नसलेली बोटे खाजवावीत तशी हवेत नखे फिरवली. त्याला हसू आले. मग हसणे थांबेना, आणि मग ते हसणे राहिले नाही.

त्याच आठवड्यात मुकादम आला. हातात धान्याची पिशवी, काखेत कागद.

"काय पैलवान! चेहऱ्यावर तेज आलंय की."

"हात गेला आणि तेज आलं," दारातून म्हातारी म्हणाली. "तुम्हीही द्या एखादा, तुम्हालाही येईल."

मुकादम हसला, त्याला हसणेच सोयीचे होते. "मालकांनी पाठवलंय, आजी. दवाखान्याचं सगळं ते बघतील, वर दोन महिन्यांचं धान्य. माणुसकी म्हणून. इथं फक्त अंगठा हवा."

पैलवानीण चौथीपर्यंत शिकलेली होती. तिने कागद घेतला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवीत वाचू लागली. "यंत्र चालू असता... सूचनेविरुद्ध... स्वतःच्या निष्काळजीपणाने... यापुढे कसलीही मागणी..." ती थांबली. "मुकादम, हे काय लिहिलंय?"

"अहो वहिनी, कागदावर काहीतरी लिहावं लागतंच."

"मग खरंच लिहा की. शाई तेवढीच लागेल."

"तुम्ही उगाच ताणू नका. अंगठा द्या पैलवान, मला पुढे जायचंय."

पैलवानाने मान वर केली. "अंगठा ना? तुमच्या यंत्रात असेल. शोधून घ्या."

मुकादमाने धान्याची पिशवी परत उचलली. दाराबाहेर पडता पडता तो म्हणाला, "हंगाम संपेपर्यंत खोलीत राहा. पुढचं मालक बघतील." हे त्याने मोठ्याने म्हटले, शेजारच्या खोल्यांना ऐकू जाईल असे.

दुसऱ्या दिवशी पैलवानीण पायी तालुक्याच्या कचेरीत गेली. कचेरीच्या फाटकासमोर, एका पत्र्याखाली, जुन्या टंकयंत्रापुढे एक वृद्ध अर्जनवीस बसत असे. डोळ्यांवर जाड भिंगे, कानांत केस, आणि जिभेवर चाळीस वर्षांचा कायदा. सगळे त्याला काका म्हणत. काकांनी हकीकत शेवटपर्यंत ऐकली. मध्ये एकदाही बोलले नाहीत, ही त्यांची थोरवी.

"हे बघ मुली," ते म्हणाले, "कामावर असताना हात गेला, तर मालकाला भरपाई द्यावीच लागते. चूक कुणाची, हा प्रश्नच नाही. आणि पडून राहिला तेवढ्या दिवसांची अर्धी मजुरी वेगळी. ही भीक नाही. विजेचं बिल भरतात ना, तसं ते भरायचं असतं. कळलं?"

"कळलं."

"भरपाई ठरते मजुरीवर. मजुरी जितकी, त्या मानानं पैसे. वहीत मजुरी कुणाच्या नावावर?"

"यांच्या."

"सगळी?"

"सगळी. जोडीची असते."

काकांची बोटे कळांवर थांबली. "तू तिथे काय करतेस?"

"विटा थापते."

"वहीत नाव आहे?"

"नाही."

"मग थापत नाहीस." त्यांनी भिंगांवरून तिच्याकडे पाहिले. त्या दृष्टीत उपहास नव्हता, अनुभव होता. "नीट ऐक. मालकाचा माणूस म्हणेल, ही मजुरी दोघांची, याची अर्धीच. म्हणजे भरपाई अर्धी. तू म्हणायचं, मी घरी असते, जेवण घेऊन जाते, सगळी मजुरी नवऱ्याची. वही तुझ्याच बाजूनं आहे. एवढं एकच वाक्य, आणि भरपाई पूर्ण."

टंकयंत्र खडखडले. अर्जात तिच्या नावापुढे शब्द उमटला: गृहिणी. तिने तो वाचला आणि आपल्या हातांकडे पाहिले. नखांच्या कडांत अकरा वर्षांची माती होती. ती कधीच निघत नसे.

रात्रीच्या जेवणाला म्हातारीने विषय काढला. "त्यात खोटं काय आहे? नुसतं गप्प बसायचंय."

"शपथेवर विचारतील, आत्या. गप्प कसं बसणार?"

"मग म्हण. पोरीच्या शाळेकडे बघ आणि म्हण. मीही थापल्याच ना विटा तीस वर्षं? कुणी लिहिलं? मी मेले का?"

"नाही मेलात," सून म्हणाली. "पण तीस वर्षं थापून तुमच्याकडे दाखवायला काय आहे, आत्या? गुडघे."

म्हातारीने गुडघ्यांवरचे पातळ सारखे केले. पैलवान डाव्या हाताने घास उचलीत होता. निम्मा घास वाटेत सांडत होता. त्याने बायकोकडे पाहिले आणि म्हणाला, "तुला जे बोलवेल ते बोल. मला विचारू नकोस. हात माझा गेला, पण बोलायचं तुला आहे."

सुनावणीच्या दिवशी कचेरीत पंखा होता पण फिरत नव्हता. अधिकारी उतारवयाचा, संथ, ना कठोर ना मायाळू; त्याचा डबा टेबलाच्या कोपऱ्यावर वाट पाहत होता. मालक कोपऱ्यातल्या खुर्चीत. मुकादम उभा, आणि त्याच्या पायाशी लाल कापडात बांधलेला वह्यांचा गठ्ठा. अधिकाऱ्याने एकाच वर्षाची वही मागवली होती. पण मुकादमाला आपल्या अक्षराचा आणि आपल्या शिस्तीचा फार गर्व. भट्टीची रीत किती जुनी, हे दाखवावे म्हणून त्याने अकराच्या अकरा आणल्या होत्या.

"साहेब," मुकादम म्हणाला, "अपघात झाला, आम्हाला दुःख आहे. पण मजुरीचा आकडा बघताना एक लक्षात घ्या. हा आकडा जोडीचा. काम दोघांचं, मजुरी दोघांची. या माणसाची मजुरी त्यातली अर्धी. भरपाई अर्धीवर धरावी."

अधिकाऱ्याने पैलवानिणीला समोर बोलावले. खरे सांगेन, असे तिच्याकडून म्हणवून घेतले.

"बाई, हे म्हणतात मजुरी दोघांची. तुमचं काय म्हणणं?"

मागल्या बाकावर काकांनी घसा खाकरला. त्या खाकरण्यात ते एक वाक्य संपूर्ण होते: मी घरी असते, जेवण घेऊन जाते. तिच्या जिभेवर ते आलेही. तिने ते तेथेच धरून ठेवले, आणि मग गिळले.

"मुकादम खरं बोलतात, साहेब," ती म्हणाली. "मजुरी दोघांचीच."

काकांनी कपाळाला हात लावला. मुकादमाला इतका सोपा विजय अपेक्षित नव्हता, तो हसलाच.

"अकरा वर्षांत ते पहिल्यांदा खरं बोलले," ती पुढे म्हणाली. "लिहून घ्या साहेब, जसंच्या तसं. काम दोघांचं. आता त्यांना विचारा, वहीत नावं किती?"

अधिकाऱ्याने वरची वही उघडली. पान उलटले. आणखी एक उलटले. "एक."

"दुसरं कुठे आहे?" तिने विचारले.

मुकादमाचे हसू ओसरले. "तशी रीतच आहे साहेब. जोडीला एक ओळ."

"मुकादम," अधिकारी संथपणे म्हणाला, "एका माणसाला दिवसाला कमीत कमी किती द्यायचं, ते सरकारनं ठरवून दिलेलं असतं. ही मजुरी दोघांची म्हणता, तर एकेकाच्या वाट्याला त्याहून कमी पडते. चाळीस जोड्या आहेत ना तुमच्याकडे?"

कोपऱ्यात खुर्ची करकरली. मालक उठला नाही, पण त्याने मुकादमाकडे असे पाहिले की मुकादमाने तत्काळ शब्द फिरवला.

"नाही नाही, साहेब. माझं बोलणं चुकलं. बाई आपली मदतीला यायची, अधूनमधून. म्हणजे जेवण घेऊन यायची, बसायची, हात लावायची चिखलाला. काम असं नाही. मजुरी सगळी पैलवानाचीच. पूर्णावर भरपाई धरा, आमची हरकत नाही."

"अधूनमधून?" पैलवानीण म्हणाली.

"वहिनी, आता तुमच्याच फायद्याचं बोलतोय ना मी?"

अधिकाऱ्याने लेखणी खाली ठेवली. "बाई, ते आता पूर्ण मजुरी मान्य करतात. भरपाई पूर्ण मिळेल, प्रकरण आजच संपेल. तुम्ही काम करत नव्हता, एवढं कबूल करा आणि सही करा."

जे मागण्यास ती आली होती ते टेबलावर मांडलेले होते. मुलीची शाळा, म्हातारीचे औषध, नवऱ्याची उरलेली सगळी वर्षे. मागे काका जवळजवळ उभेच राहिले होते.

तिने नवऱ्याकडे पाहिले. त्याने डाव्या हाताने रिकामी बाही नीट केली आणि मान हलवली. होकाराची नव्हे, नकाराची.

"नाही," ती म्हणाली. "साहेब, त्या गठ्ठ्यातली दहा वर्षांपूर्वीची वही काढा. हंगामाचा तिसरा महिना. आमच्या ओळीत विटा किती?"

अधिकाऱ्याने वही काढली. बोट ओळीवरून सरकले. "आठवड्याला सहा हजार. सहा हजार. सहा हजार दोनशे. मग..." तो थांबला. "दोन हजार. दोन हजार. अठराशे. असे सहा आठवडे. इतरांचे आकडे तसेच आहेत. इथे काय झालं होतं?"

"मुलगी झाली."

अधिकाऱ्याने चष्मा काढून पुन्हा लावला.

"आता सहा वर्षांपूर्वीची. शेवटचा महिना."

पाने फडफडली. "पुन्हा दोन हजार. पण इथे दोनच आठवडे. तिसऱ्यात पुन्हा सहा हजार."

"मुलगा झाला. तो राहिला नाही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उतरलाही नाही. "घरी बसायचं कशाला, म्हणून लवकर आले. ते आठवड्याचे सहा हजार मी थापलेत, अंगावर दूध असताना. मुकादमांचं अक्षर सुंदर आहे, साहेब. त्या वहीत माझं नाव कुठेच नाही. पण मी नव्हते, ते तारीखवार लिहिलंय."

पंखा फिरत नव्हता, तरी मुकादम घाम पुसायला विसरला. अधिकाऱ्याने दोन्ही वह्या आपल्याकडे ओढल्या, त्यांवर आपला डबा ठेवला, जणू कोणी त्या उचलून नेईल, आणि लिहू लागला. पुष्कळ वेळ तो लिहीत होता. डबा त्याने त्या दिवशी उशिराच उघडला असेल.

निकाल यथावकाश आला. जोडी म्हणजे दोन कामगार. प्रत्येकाची मजुरी सरकारी दराहून कमी धरता येणार नाही. पैलवानाची भरपाई त्या दराने, आणि तो पडून होता त्या दिवसांची अर्धी मजुरी निराळी. अकरा वर्षांच्या तिच्या मजुरीची चौकशी स्वतंत्र व्हावी. रक्कम अर्धीहून पुष्कळ जास्त होती. पण ते एक वाक्य बोलली असती तर जितकी मिळाली असती, तितकी नव्हती.

"एवढं घालवलंस, मुली," काकांनी बोटांची चिमूट दाखवली. "एका खऱ्यापायी."

"काका, तेवढ्यात अकरा वर्षं परत मिळाली. महाग नाही पडली."

"तुझ्यासारखी गिऱ्हाइकं आली तर माझा धंदा बसेल," ते पुटपुटले. पण नव्या अर्जाचा कागद टंकयंत्रात चढवताना त्यांनी मागील अर्जातला 'गृहिणी' हा शब्द तिला न विचारता गाळला, आणि त्या जागी टंकले: वीट थापणारी. त्या अर्जाची फी त्यांनी घेतली नाही. विचारले तेव्हा म्हणाले, "यंत्रात 'फ'ची कळ अडकलीय, फी उमटतच नाही." हा विनोद त्यांना स्वतःलाही फारसा जमला नव्हता.

भट्टीवरची खोली पैलवानाच्या कुटुंबाने सोडली होती. गावाच्या टोकाला भाड्याची खोली घेतली. पैलवान डाव्या हाताने आकडे गिरवू लागला, मुलीच्या पाटीवर, मुलीच्याच देखरेखीखाली. "बाबा, चार उलटा झाला," ती त्याला दटावे, आणि तो मुकाट्याने पुसून पुन्हा काढी.

नवा हंगाम सुरू झाला त्या सकाळी पैलवानीण भट्टीवर गेली. घरच्यांनी अडवले नाही. भट्टी तिथली सर्वात जवळची होती आणि तिला येत होते ते काम हेच होते. तेथे सगळे जसेच्या तसे होते. यंत्राला मात्र झाकण बसले होते, चार नव्या बोल्टांनी. जोड्या ओळीने उभ्या होत्या. मुकादम मेजाशी नवी कोरी वही उघडून बसला होता. तिला पाहून त्याने लेखणी शाईत बुडवली आणि वर न पाहताच विचारले,

"जोडी कुणाची?"

"जोडी नाही. मी."

"एकट्या बाईची ओळ नसते वहीत."

"तर आखा."

मागे कुजबुज झाली. रांगेत सर्वांत पुढच्या बाईने हातातला साचा जमिनीवर ठेवला. मग तिच्यामागच्या बाईने ठेवला. लाकूड मातीवर टेकल्याचे आवाज तेवढे, एकामागून एक, रांगेच्या शेवटापर्यंत जात राहिले. पैलवानीण मागे वळून पाहत नव्हती. तिचे हात कोरडे होते आणि ते तिने मेजावर, वहीच्या दोन्ही बाजूंना, पालथे ठेवले होते.

"ऊन चढतंय, मुकादम," ती म्हणाली. "पट्टी घ्या."

सूर्य भट्टीच्या धुरांड्यावर आला होता. यंत्र सुरू झाले नव्हते. मुकादमाने एकदा मालकाच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिले, एकदा रांगेकडे पाहिले, आणि मग खण उघडून तो पट्टी शोधू लागला.